हिवराला शेंगा येत नाहीत

सतनवाड्याजवळ, शिवपुरी
१२ जून २०२३

वहिनी,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोन केला की तुम्ही "हो, हो, जेवले" एवढंच म्हणता, मग मी काही का विचारलेलं असेना. मागच्या वेळी म्हशीला रेडकू झालं म्हणून सांगितलं, तर तुम्ही "देवाची इच्छा" म्हणालात. म्हणून आता लिहायलाच बसलो.

तुम्हाला ठाऊक आहे, माझी जमीन म्हणजे नुसता दगड. त्यावर विलायती बाभूळ अशी माजली होती की पाय टाकायला जागा नव्हती. दोन वर्षं ती काढण्यात गेली. आता तिथे इथलीच झाडं लावायची आहेत: खैर, देशी बाभूळ आणि हिवर. हिवराला इकडे रेंवजा म्हणतात. आसपासचे पाच-सहा जण आणि मी मिळून बी गोळा करतो. ते विकत नाही. ज्याला हवं त्यानं न्यावं, आणि उगवेल त्यातलं एखादं रोप पुढे कोणाला तरी द्यावं, एवढीच बोली.

आता मुद्द्याचं. तुमच्या परसातलं ते काटेरी झाड, ज्याला आमचे आबा शमी म्हणायचे, तो हिवर आहे. खोड पांढरट, पानाच्या देठाशी पांढरे काटे जोडीनं. शमीचे काटे बारके असतात आणि कुठेही उगवतात. झाड जुनं आहे, दादानं घर बांधायच्या आधीपासूनचं, आणि आपल्याच मातीतलं. यंदाच्या शेंगा उरल्या असतील तर पाठवा.

तुमचा,
सूर्याजी


हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर
३ जुलै २०२३

सूर्याजी भावोजी,

आशीर्वाद. पत्र मिळालं. पहिल्यांदा तर मला वाटलं बिजलीचं बिल आलं. आता मला पत्र लिहिणारं दुसरं आहे कोण?

फोनचं खरं आहे. आमच्या उत्कर्षनं बेंगळुरूहून महागातलं कानाचं मशीन पाठवलंय, ते टेबलाच्या खणात आहे. घालून ऐकू कोणाचं? घरात मी एकटी आणि टीव्ही. टीव्हीवर काय चाललंय ते तोंडाकडे बघून कळतंच.

मामंजींनी ज्या झाडाला शमी म्हटलं ते तुम्ही इतक्या वर्षांनी हिवर करून टाकलंत! ते असते तर छडीच घेतली असती. आणि शेंगा कसल्या मागता? या झाडाला मी नवी नवरी होऊन आले तेव्हापासून शेंग म्हणून लागलेली नाही. इथे घर नव्हतं, नुसता प्लॉट होता, तेव्हाही आपण सगळे माधवगंजातल्या जुन्या घरातून दसऱ्याला याच झाडापाशी यायचो. आता तर आपले सगळे भाऊबंद माझ्या परसात येतात. थोरले म्हणून महिपतराव पूजा सांगतात, त्यांचा नातू अंशुल आणि बाकीची मुलं वर चढतात, बांबूला कोयता बांधून फांद्या उतरवतात, पोतं भरून पत्ते घरोघर सोनं म्हणून जातात. संध्याकाळी झाड बोडकं आणि माझं घर भरलेलं.

वांझ झाड आहे. त्याच्याकडून काही मागू नका.

शालिनी वहिनी


सतनवाडा
२० ऑगस्ट २०२३

वहिनी,

झाड वांझ नाही. तुम्ही सगळे मिळून त्याला तसं करता.

हिवराला पावसाळा सरता सरता फुलं येतात. दसऱ्याला तो ऐन फुलावर असतो. त्याच दिवशी तुमची फौज कोयते घेऊन चढते. पान उतरवलं की फूल गेलं, फूल गेलं की वैशाखात शेंग कुठून यायची? गेली चाळीस वर्षं आपण हेच करत आलो. मीसुद्धा चढायचो, दादाच्या खांद्यावर पाय देऊन.

फक्त यंदाचं वर्ष त्याला हात लावू देऊ नका. पूजा करा, हळदकुंकू वाहा, सगळं करा, फक्त ओरबाडू नका. सोनंच द्यायचं तर बाजारात आपट्याची पानं मिळतात.

एक वर्ष, वहिनी. म्हातारं झाड आहे, त्याचं बी राहायला हवं.

सूर्याजी


ग्वाल्हेर
१० सप्टेंबर २०२३

भावोजी,

तुमचं पत्र वाचून तीन वेळा घडी करून ठेवलं आणि तीन वेळा उघडलं. राग आला. मनात ठेवत नाही, सरळ लिहिते.

तुम्हाला शेंगा दिसतात. मला काय दिसतं ते सांगू? तुमचे दादा गेले तेव्हापासून या घराचं फाटक दूधवाला आणि कचऱ्याची गाडी, यांच्याशिवाय कोणासाठी उघडत नाही. माधवगंज इथून ऑटोनं कितीसं लांब? पण कोणी येत नाही. दिवाळीला येत नाहीत, मी न्यूमोनियानं पडले होते तेव्हा आले नाहीत. दसऱ्याला येतात. लहान-मोठे सगळे येतात, पाया पडतात, मी करंज्या देते, चहा करते, कप कमी पडतात आणि मी शेजारून मागून आणते. शेजारीण म्हणते, "आंटी, आज तो आपके घर मेला लगा है." ते ऐकायला मी वर्षभर थांबते. तेवढं एक वाक्य मला मशीनशिवाय ऐकू येतं.

ते येतात या झाडासाठी. मला कळत नाही असं समजू नका. हात लावू नका म्हटलं तर ते कशाला येतील?

तुम्हाला दगडावर जंगल उभं करायचंय, करा. माझा एक दिवस त्यासाठी मागू नका.

शालिनी


ग्वाल्हेर
२७ ऑक्टोबर २०२३

भावोजी,

तुमचं उत्तर नाही. रुसलात वाटतं. रुसायचा हक्क माझा होता, तोही तुम्हीच घेतलात.

दसऱ्याचं सांगते. आदल्या संध्याकाळी अंशुल येऊन बांबू पोहोचतो का बघून गेला. जाताना एक फांदी तोडून तशीच टाकून गेला. सकाळी झाडायला गेले तर ती फांदी पायाशी. पिवळट फुलांनी लगडलेली, आणि तिच्यावर मधमाश्या अजून फिरत होत्या. झाडावरच्या जिवंत फांद्या सोडून त्या मेल्या फांदीवर हिंडत होत्या, वेड्या कुठल्या. इतक्या वर्षांत मी ही फुलं पाहिली नव्हती हो. दसऱ्याला माझी नजर खाली असते, कोणाची ताटली रिकामी झाली ते बघत. वर कधी बघितलंच नाही.

सगळे जमले. महिपतरावांनी पूजा सांगितली. अंशुल चढायला लागला तशी मी खोडाला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, नमस्कार करा, पण यंदा पान तोडायचं नाही. महिपतराव म्हणाले, "शमीचं पान घेतल्याशिवाय दसरा कसला, शालिनी?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की ही शमी नाहीच, हिवर आहे, मामंजींची चूक झाली होती.

तेच चुकलं. नुसतं झाड राखलं असतं तर ऐकलं असतं कदाचित. सगळ्या भाऊबंदांसमोर मी गेलेल्या माणसाला खोटं पाडलं. महिपतरावांनी पगडी सारखी केली आणि फाटकाबाहेर पडले. अंशुल मला समजावत होता, "कोई बात नहीं काकीआजी, हम बाज़ार से ले लेंगे." चांगला मुलगा आहे. पण तोही गेला. करंज्यांचा डबा तसाच भरलेला राहिला.

तुमचं झाड मात्र आज फुलांनी भरलेलं आहे. बघायला मी एकटी.

शालिनी


सतनवाडा
१४ नोव्हेंबर २०२३

वहिनी,

रुसलो नव्हतो. तुमचं सप्टेंबरचं पत्र वाचून लाज वाटली. म्हणून लिहिलं नाही. न्यूमोनियाचं मला तुम्ही कळवलं नव्हतंत, आणि मी विचारलंही नव्हतं.

तुम्ही जे सांगितलंत ते सांगायला मी तिथे असायला हवा होतो. शिव्या माझ्या होत्या, खाल्ल्या तुम्ही.

आता शेंगांचं. घाई करू नका. हिरव्या असताना हात लावायचा नाही. वैशाखात त्या तपकिरी होतील आणि वाऱ्यानं आपोआप सुटायला लागतील. खाली जुनी चादर अंथरा आणि काठीनं फांदी हळूच हलवा. जी शेंग हलवून पडत नाही ती आपली नाही. पडतील त्यातलाही पाचवा भागच घ्यायचा. बाकी शेळ्यांच्या, पोपटांच्या आणि त्या झाडाच्या स्वतःच्या. सावलीत वाळवा, कापडी पिशवीत भरा, प्लास्टिकमध्ये बी घुसमटतं. पिशवीवर झाड कुठलं ते लिहा, म्हणजे पुढे नेणाऱ्याला कळेल आपण काय लावतोय.

तुम्ही या म्हणणार, मला माहीत आहे. गुडघा दुखतो, म्हशीला कोण बघेल, ही कारणं माझी मागेच देऊन झालीत. खरं सांगू? दादा नसलेल्या त्या घरात पाय टाकवत नाही.

सूर्याजी


ग्वाल्हेर
३० मे २०२४

भावोजी,

लागल्या! शेंगा लागल्या! एप्रिलपासून मी रोज सकाळी चहा घेऊन झाडाखाली जाते आणि मान दुखेपर्यंत वर बघते. शेजारीण विचारते, "आंटी, ऊपर क्या है?" मी म्हणते, नातवंडं.

उन्हानं इथे जीव नकोसा केलाय, पण मी पहाटे उठून तुम्ही सांगितलं तसंच केलं. तुमच्या दादांच्या पलंगावरची चादर अंथरली. हलवल्यावर पडल्या त्यांचे पाच ढीग केले आणि एकच ढीग घेतला. मन होत नव्हतं हो, आणखी एक ढीग उचलावासा वाटत होता. मग गल्लीतल्या शेळीवाल्याला हाक मारली. त्याच्या शेळ्यांनी बाकीचं असं काही खाल्लं, की बघत राहावं. कित्येक महिन्यांनी माझ्या अंगणात कोणी पोटभर जेवलं.

पिशवी तुमच्या दादांच्या जुन्या सदऱ्याची शिवलीय. वर लिहिलंय: हिवर, हरिशंकरपुरम, शालिनीच्या परसातला. पार्सल जपून उघडा. उगवलं की लगेच कळवा.

शालिनी


सतनवाडा
५ ऑगस्ट २०२४

वहिनी,

पिशवी पोहोचली. बी रात्रभर गरम पाण्यात भिजवून पेरलं. छान उगवलं आहे. काळजी नसावी.

पावसाची कामं आहेत म्हणून थोडक्यात लिहितो.

सूर्याजी


ग्वाल्हेर
१५ ऑक्टोबर २०२४

भावोजी,

तुमचं ते दोन ओळींचं पत्र मी देवापाशी ठेवलंय. किती वाढली माझी रोपं? काटे फुटले का? एखादा फोटो तरी पाठवायचा.

परवा दसरा झाला. मला वाटलं होतं वर्ष गेलंय, राग विरला असेल. करंज्या केल्या. कप धुऊन पालथे घातले. आणि एक गंमत केली, खणातलं मशीन काढून कानात घातलं. म्हटलं फाटक वाजलं तर कळायला हवं, नाहीतर दार लावलंय समजून परत जायचे.

सकाळी ऐकला शेजारचा पाण्याचा मोटार-पंप. मग कावळे. मग लांब कुठेतरी ढोल. फाटक एकदाही वाजलं नाही. कानात मशीन असलं की कळतं, घर किती गप्प असतं ते. आधी मला वाटायचं मला ऐकू येत नाही म्हणून शांत आहे.

संध्याकाळी मशीनचे सेल संपले. काढून पुन्हा खणात टाकलं. अंशुलचा मेसेज आला होता, यंदा पूजा महिपतरावांच्या गच्चीवर, बाजारच्या पानांनी झाली. मी एकटीनंच झाडाला कुंकू लावलं. या वर्षीही लगडलंय ते.

मी रडगाणं गात नाहीये. शिवपुरीला माझी रोपं आहेत, एवढं मनात आणलं की रात्र निघते. तेवढ्यासाठीच तर केलं हे सगळं.

शालिनी


सतनवाडा
२ डिसेंबर २०२४

वहिनी,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं येऊ दे.

बी छान उगवलं नव्हतं. मी खोटं लिहिलं. तुमची पिशवी पाण्यात ओतली तेव्हा जवळजवळ सगळं बी तरंगलं. आतून पोचट. शेंगा दिसायला भरलेल्या होत्या, दाणा नव्हता. तळाला गेलं ते मूठभरही नव्हतं. त्यातली दोन रोपं निघाली, ती माझ्या दाराशी आहेत. पिशवीवरचं तुमच्या परसाचं नाव वाचून लोकांनी मागितली, पण मी पुढे दिली नाहीत. एकट्या झाडाचं बी कमजोर निघतं. विश्वासानं नेणाऱ्याला ते देणं बरं नाही.

चूक तुमची नाही, झाडाचीही नाही. हिवराला दुसरा हिवर लागतो, मधमाशी एकीकडून उठून दुसरीकडे जाईल इतक्या अंतरावर. तुमच्या आसपास सगळी कॉलनी झाली, घरं झाली, पार्किंग झालं. त्याच्या जातीचं एकही झाड उरलं नाही. फुललं तरी स्वतःशीच फुलतं ते.

हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. तुम्हाला दसरा सोडायला लावण्याआधी. तुम्ही तुमची माणसं गमावलीत आणि बदल्यात मी तुम्हाला पोचट बी दिलं. क्षमा मागायला तोंड नाही, तरी मागतो.

एक करता येईल. ग्वाल्हेरच्या वाटेवर, मोहन्याच्या अलीकडे टेकडीवर हिवराची पुष्कळ झाडं आहेत. तिथल्या गावकऱ्यांना विचारून, बऱ्याच झाडांचं थोडं थोडं बी घेऊन मी रोपं केली आहेत. चांगली धडधाकट आहेत. पावसाळ्यात तीन तुमच्या फाटकाशी लावावीत असं मनात आहे. ती फुलावर येईपर्यंत आपण दोघं असू की नाही, सांगता येत नाही. पण ते झाड असेल.

तुम्ही नाही म्हणालात तर समजेन.

सूर्याजी


ग्वाल्हेर
२२ जून २०२५

सूर्याजी भावोजी,

सहा महिने उत्तर दिलं नाही. पत्र वाचून पहिल्यांदा तुमचा राग आला. मग त्या झाडाचा आला. देवापाशी ठेवलेलं तुमचं ते दोन ओळींचं पत्र काढून चुलीत घालणार होते, पण घरात चूल आहे कुठे? गॅसवर जाळलं आणि हात भाजून घेतला.

वैशाखात पुन्हा शेंगा आल्या. या वेळी मी पिशवी शिवली नाही. शेळीवाल्याला बोलावलं आणि पायरीवर बसून शेळ्या बघत राहिले. आणि तिथे बसल्या बसल्या एक गोष्ट लक्षात आली, ती तुम्हाला सांगायचीच आहे.

तुम्ही म्हणता मी माझी माणसं गमावली. मी आठवून बघितलं. त्या सगळ्या दसऱ्यांमध्ये माझ्या घरात कोणी बसलं होतं? उभ्या उभ्या करंजी खाल्ली, पाया पडले, पोतं उचललं, गेले. मी कशी आहे हे कोणी विचारलं होतं? विचारलं असेल तर मला ऐकू आलं नसेल, आणि दुसऱ्यांदा विचारायला कोणी थांबलं नाही. दरवर्षी चाळीस माणसं त्या झाडाभोवती उभी असायची, तरी ते एकटंच होतं. मीही होते. गर्दी होती म्हणून दोघांनाही कळलं नाही.

बाकी राहिलं तुमचं. चार वेळा पत्र फाडून पाचव्यांदा खरं लिहिणारं माझ्याकडे दुसरं कोणी नाही.

तीन खड्डे खणून घेतले आहेत, फाटकाशी दोन आणि टाकीमागे एक. शेळीवाल्यानंच खणले, चहावर. अंशुल कालेजातून येताना अधूनमधून डोकावतो आता, आजोबांना न सांगता. म्हणतो, "काकीआजी, पानी मैं डाल दूँगा, आप टेन्शन मत लो." त्याला मी म्हटलं, दसऱ्याला सोनं न्यायला येऊ नकोस, एक बादली पाणी घालायला ये. येतो म्हणालाय. बघू.

तुम्ही मात्र रोपं बसच्या कंडक्टरकडे देऊन पाठवायची नाहीत. स्वतः घेऊन यायचं. म्हशीला शेजाऱ्याकडे बांधा. दादा नसलेल्या घरात पाय टाकवत नाही म्हणता, मी तर त्यात रोज राहते. दोघं मिळून टाकू.

मशीनमध्ये नवे सेल घातले आहेत. आता पत्र लिहू नका. या, आणि बोला.

शालिनी वहिनी